लाल शाईची नोंद आणि धुळ्यातील एक सल्ला केंद्र

जवानाच्या कंडक्ट शीटवर, म्हणजे त्याच्या शिस्तीच्या कागदावर, शिक्षेबद्दल लाल शाईने पडलेली नोंद काढून टाकण्यासाठी अर्ज कोणाकडे करावा, त्यात काय लिहावे आणि मुळात तो करण्यात अर्थ आहे का, एवढ्याच कामासाठी चालणारे एक लहान सल्ला केंद्र धुळ्यात आहे. एक निवृत्त सुभेदार मेजर आणि न्यायालयात वकिली करणारा त्यांचा पुतण्या असे दोघे ते चालवतात. माझ्या धाकट्या भावाच्या प्रकरणात आम्ही त्यांची सेवा घेतली. माझे मत आधीच सांगतो: कागद वाचून त्यातले बरेवाईट सांगण्यात या केंद्राचा हात धरणारा आमच्या भागात मला कोणी भेटला नाही, मसुदा ठीकठाक असतो, आणि मसुदा हाती पडल्यानंतरची सेवा जवळजवळ नाहीच. पाचपैकी गुण द्यायचे तर मी साडेतीन देईन, आणि ते मुख्यतः पहिल्या बैठकीसाठी.

प्रकरण थोडक्यात असे होते. भाऊ शिपाई असताना वार्षिक सुटीवर आला होता. सुटी संपत आली तेव्हाच वडिलांना, म्हणजे आमच्या नानांना, अर्धांगवायूचा झटका आला, त्यांना धुळ्याच्या रुग्णालयात दाखल करावे लागले आणि भाऊ पलटणीत उशिरा हजर झाला. सुटीपेक्षा जास्त थांबल्याबद्दल, म्हणजे पलटणीच्या भाषेत ओएसएलबद्दल, त्याला सीओसमोर, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरसमोर, उभे करण्यात आले आणि सात दिवसांची लष्करी कोठडीतील कैद झाली. शिक्षा भोगून झाली, विषय संपला, असे घरात सगळ्यांनी धरले होते. पुढे तो नायक झाला. मात्र हवालदारपदाचा विचार सुरू झाला, निवृत्तीनंतर डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये) जाण्याचा बेत ठरू लागला, आणि प्रत्येक ठिकाणी ती एक लाल ओळ आधी वाचली जाते हे त्याच्या लक्षात आले. बढती, सेवा-मुदतवाढ, पुनर्भरती आणि डिस्चार्ज बुकातील चारित्र्याचा शेरा या सगळ्यांसाठी शिस्तीचा कागद पाहिला जातो, त्यामुळे शिक्षा सात दिवसांत संपली तरी तिची सावली मागे राहते.

खान्देशात लष्करी शिस्तीच्या कायद्याविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. धुळे तालुक्यातील बोरविहीरचा जवान २०१६ साली नियंत्रण रेषेपलीकडे गेला आणि जानेवारी २०१७ मध्ये परत आला, तेव्हापासून तर कोर्ट मार्शल हा शब्द पारावरच्या गप्पांतही ऐकू येऊ लागला. परंतु ज्या गोष्टी ऐकू येतात त्यांतील निम्म्या चुकीच्या असतात. ‘चार लाल नोंदी झाल्या की घरी पाठवतात’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले होते की तो कायदाच असावा असे मला वाटत होते. पहिल्याच बैठकीत केंद्राच्या सुभेदार मेजर साहेबांनी हा समज मोडून काढला. लष्करी मुख्यालयाच्या २८ डिसेंबर १९८८ च्या पत्रात चार लाल नोंदी असलेल्या जवानाला सेवेतून कमी करण्याबाबत कार्यपद्धती दिली आहे, पण त्याच पत्रात आधी प्राथमिक चौकशी करावी, जवानाने किती काळ व कोणत्या कठीण ठिकाणी सेवा केली हे विचारात घ्यावे, असेही आहे. सर्वोच्च न्यायालयाने वीरेंद्रकुमार दुबे यांच्या प्रकरणात ऑक्टोबर २०१५ मध्ये नेमके हेच सांगितले की केवळ चार नोंदींचा आकडा भरला म्हणून सेवामुक्ती आपोआप होत नाही. आमच्या भावाची नोंद एकच होती, त्यामुळे हा मुद्दा आम्हाला थेट लागू नव्हता. तरीही साहेबांनी तो समजावून सांगितला, कारण घाबरलेला जवान अर्जात नको ते लिहून बसतो असा त्यांचा अनुभव आहे.

केंद्रात शिरल्यावर आधी गोष्ट सांगू देत नाहीत. आम्ही नानांच्या आजारपणापासून सुरुवात केली तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले, “आधी कागद दखाडा, मंग बोलूत.” कंडक्ट शीटची प्रत, ऑफेन्स रिपोर्टची (अपराधाच्या अहवालाची) प्रत, सुटीचा दाखला, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड आणि मुदतवाढ मागितल्याचा काही पुरावा, एवढे समोर ठेवल्याशिवाय ते एक शब्दही लिहीत नाहीत. ज्यांच्याकडे प्रती नाहीत त्यांना ते रेकॉर्ड ऑफिसकडे मागणी करायला सांगतात. आपल्याकडचे बरेच जवान मराठा लाइट इन्फन्ट्री, महार रेजिमेंट किंवा तोफखान्यात असतात, आणि त्यांची रेकॉर्ड ऑफिसे अनुक्रमे बेळगाव, सागर आणि नाशिक रोड येथे आहेत. निवृत्तांच्या बाबतीत गरज पडल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून घेतात, ज्याचे उत्तर सर्वसाधारणपणे तीस दिवसांत द्यावे लागते. या टप्प्यासाठी ते पाचशे रुपये घेतात, आणि माझ्या मते संपूर्ण सेवेत पैशांचा सर्वांत चांगला मोबदला येथेच मिळतो.

कारण कागद वाचण्याची त्यांची पद्धत खरोखर शिकण्यासारखी आहे. सर्वप्रथम त्यांनी शिक्षेच्या तारखेला भावाचा हुद्दा काय होता ते पाहिले. १९५० च्या लष्कर कायद्याच्या कलम ८० खाली सीओ अठ्ठावीस दिवसांपर्यंत कैद, स्थानबद्धता किंवा लाइनबंदी देऊ शकतो, परंतु कलम ८१ नुसार या तिन्ही शिक्षा एनसीओला, म्हणजे नायक, हवालदार अशा बिनकमिशनच्या अधिकाऱ्याला, देता येत नाहीत. अपराधाच्या वेळी तो एनसीओ असेल तरीही देता येत नाहीत. एखाद्या नायकाला अशी कैद दिलेली आढळली तर शिक्षा मुळातच बेकायदेशीर ठरते आणि पुढचा वाद घालण्याची गरजच उरत नाही. आमच्या प्रकरणात भाऊ तेव्हा शिपाई होता, म्हणून हा दरवाजा बंद झाला, आणि साहेबांनी तसे स्पष्ट सांगितले. गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून आशा लावून ठेवणारे सल्लागार मी पाहिले आहेत; येथे तसे झाले नाही.

दुसरी तपासणी सुनावणीची होती. लष्कर नियमावलीतील नियम २२ प्रमाणे आरोप आरोपीच्या समक्ष ऐकला गेला पाहिजे, विरुद्ध साक्ष देणाऱ्याला प्रश्न विचारण्याची त्याला मोकळीक असली पाहिजे, आणि आपल्या बचावासाठी साक्षीदार बोलावण्याची व निवेदन करण्याची संधी मिळाली पाहिजे. भावाला विचारले तेव्हा तो म्हणाला की सारे पाच मिनिटांत आटोपले. सीओ साहेबांनी उशीर झाला का विचारले, त्याने हो म्हटले, आणि मार्च करून बाहेर काढले. येथे पुतण्या वकिलांनी जे दाखवले ते माझ्यासारख्या शिक्षकाला कधीच सुचले नसते. कलम ३९ मधील संबंधित पोटकलमात ‘पुरेशा कारणाशिवाय’ सुटीपेक्षा जास्त थांबणे हा अपराध आहे. उशीर झाल्याचे कबूल करणे वेगळे आणि पुरेसे कारण नव्हते हे कबूल करणे वेगळे. भावाने पहिली गोष्ट मान्य केली होती. दुसरी त्याला कोणी विचारलीच नव्हती, आणि ऑफेन्स रिपोर्टवर त्याच्या निवेदनाचा मागमूस नव्हता. रुग्णालयाच्या कार्डावरील दाखल केल्याची तारीख सुटी संपण्याच्या आधीची होती, आणि कंपनी हवालदाराला पाठवलेला मुदतवाढीचा संदेश भावाच्या जुन्या फोनमध्ये सापडला. संपूर्ण अर्ज पुढे याच दोन कागदांवर उभा राहिला.

अर्ज कशाविरुद्ध करायचा, याबाबतही आमची समजूत येथेच सुधारली. आम्ही ‘नोंद काढून टाकावी’ अशी विनंती घेऊन गेलो होतो. साहेबांचे म्हणणे असे की नोंद ही शिक्षेची नोंद आहे; शिक्षा कायम असताना नुसती ओळ खोडण्याचा अधिकार कारकुनाला नाही आणि सीओलाही नाही. कलम ८७ प्रमाणे कलम ८० खाली दिलेली शिक्षा बेकायदेशीर, अन्याय्य किंवा प्रमाणाबाहेर जास्त वाटली तर सीओहून वरिष्ठ कमांड असलेला अधिकारी ती रद्द करू शकतो, बदलू शकतो किंवा माफ करू शकतो, आणि योग्य ते आदेश देऊ शकतो. म्हणून मागणी शिक्षा रद्द करण्याची करायची, आणि त्याचा परिणाम म्हणून नोंद वगळण्याचे निर्देश मागायचे. या कलमात मुदतीची अट नाही, तरीही इतकी वर्षे गप्प का बसलात याचे उत्तर अर्जातच असावे लागते. शिवाय कलम २६ खाली जवानाला अन्यायाविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो सीओच असेल तर ती त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे जाते, आणि तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याने शक्य तितकी पूर्ण चौकशी केली पाहिजे असे त्याच कलमात लिहिलेले आहे. आमच्या मसुद्यात ही दोन्ही कलमे एकत्र घेतली होती, आणि तो ब्रिगेड कमांडरांच्या नावे, युनिटमार्फत, असा तयार झाला. थेट दिल्लीला, संरक्षण मंत्र्यांना किंवा खासदारांना पत्र पाठवण्याचा सल्ला गावात अनेकांनी दिला होता. साहेबांनी त्याला ठाम नकार दिला, आणि तो नकार मला पटला.

मसुद्याचे साडेतीन हजार रुपये घेतात. त्यांतील सर्वांत मोलाचे काम लिहिण्याचे नसून खोडण्याचे होते. भावाच्या मनात त्या वेळच्या कंपनी कमांडरांविषयी राग होता, आणि ‘माझ्यावर आकसाने कारवाई झाली’ असे वाक्य त्याने आग्रहाने घालायला लावले होते. साहेबांनी त्याला कलम ५६ वाचून दाखवले: कलम २६ किंवा २७ खालील तक्रारीत कोणाच्या चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे विधान करणे, किंवा महत्त्वाची वस्तुस्थिती हेतुपुरस्सर दडवणे, हा स्वतंत्र अपराध आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आकसाचा एकही कागद आपल्याकडे नाही, मग ते वाक्य कशासाठी, असा त्यांचा प्रश्न होता. ते वाक्य गेले, त्यासोबत आमच्या गरिबीचे व नानांच्या कष्टांचे दोन परिच्छेद गेले, आणि दीड पानाचा कोरडा अर्ज उरला. माझ्या वहिनीला तो फारच थंड वाटला. मला मात्र तो वाचताना प्रथमच असे वाटले की वाचणाऱ्या अधिकाऱ्याला नेमके काय ठरवायचे आहे ते कळेल.

आता उणिवा. मसुदा फक्त इंग्रजीत मिळतो. तोंडी अर्थ मराठीत सांगतात, पण मराठी प्रत मागितली तर वेगळे पैसे मागतात, आणि तीही घाईत केलेली असते. ज्या कागदावर जवानाने सही करायची तो त्याला स्वतःला शेवटच्या ओळीपर्यंत समजला पाहिजे. विशेषतः कलम ५६ ची भीती स्वतःच दाखवल्यानंतर तरी या केंद्राने ही काळजी घ्यायला हवी होती. आमच्या पहिल्या मसुद्यात एका ठिकाणी भलत्याच रेजिमेंटचे नाव राहून गेले होते, म्हणजे आधीच्या कोणाच्या तरी अर्जावरून तो उतरवला होता हे उघड आहे. दाखवून दिल्यावर त्यांनी लगेच दुरुस्त केले, पण भावाने तसाच सही करून पाठवला असता तर अर्जाची काय किंमत राहिली असती?

याहून गंभीर गोष्ट गोपनीयतेची आहे. खोली एकच, टेबल एकच, आणि त्यावर इतरांच्या फायली उघड्या पडलेल्या. आमचा क्रमांक येईपर्यंत शेजारच्या तालुक्यातील एका जवानाला दारू पिऊन ड्युटीवर आल्याबद्दल काय शिक्षा झाली हे आम्हाला इच्छा नसताना कळले. आमचीही गोष्ट बाकावर बसलेल्या तिघाचौघांनी ऐकली असणार. खान्देशात गावे जवळजवळ आहेत आणि नाती त्याहून जवळ. अशा बातमीला एसटीपेक्षा कमी वेळ लागतो. एक पडदा आणि एक कुलपाचे कपाट एवढ्या खर्चात सुटणारा हा प्रश्न आहे, म्हणून त्याची सबब मला मान्य नाही.

तिसरी तक्रार पाठपुराव्याची. अर्ज युनिटमध्ये दिल्यानंतर त्याची पोच कशी घ्यावी, उत्तर न आल्यास स्मरणपत्र केव्हा द्यावे, हे आम्हाला फोनवर विचारायचे होते. फोन उचलला जात नाही, आणि उचलला तर “या एकदा” एवढेच उत्तर मिळते. सीमेवर असलेला जवान धुळ्याला एकदा कसा येणार, हे निवृत्त सुभेदार मेजरांना सांगावे लागू नये. पैशांची पावतीही मागितल्याशिवाय दिली जात नाही.

न्यायालयाच्या बाबतीत मात्र त्यांचा सल्ला मला संतुलित वाटला. सशस्त्र दल न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने निर्माण झाले आणि २००९ पासून सुरू आहे; महाराष्ट्राचे काम त्याच्या मुंबई खंडपीठाकडे येते. निवृत्त झालेला जवान आपण राहतो तेथील खंडपीठाकडे जाऊ शकतो, सेवेत असलेल्याला मात्र नेमणुकीचे ठिकाण किंवा घटना घडली ते ठिकाण पाहावे लागते, म्हणजे धुळ्याच्या जवानाचे प्रकरण मुंबईतच चालेल असे नाही. तेथे जाण्यापूर्वी लष्करातील उपलब्ध उपाय करून पाहिले पाहिजेत; तक्रार देऊन सहा महिने उत्तर आले नाही तर ते उपाय झाले असे धरता येते, आणि अंतिम आदेश मिळाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. पण एक अडचण साहेबांनी आपण होऊन सांगितली. कायद्यातील ‘सेवाविषयक बाबी’च्या व्याख्येत बडतर्फीची शिक्षा झालेली संक्षिप्त प्रकरणेच नावानिशी आलेली आहेत, त्यामुळे सात दिवसांच्या कैदेचे प्रकरण तेथे नेले तर पहिला वाद अधिकारक्षेत्राचाच होण्याची शक्यता आहे. उच्च न्यायालयाचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पुन्हा मोकळा असल्याचे स्पष्ट केले आहे, आणि धुळे, जळगाव व नंदुरबार हे तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाखाली येतात, परंतु एका नोंदीसाठी तो खर्च करावा की नाही हे ब्रिगेडचे उत्तर पाहून ठरवा, असे त्यांनी सांगितले. मुंबईच्या एका वकिलांचे कार्ड त्यांनी दिले खरे, आणि त्यांचा आपसात काही व्यवहार असावा अशी शंका मला आली, पण कार्ड देऊन ते थांबले. गळ घातली नाही.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने हे काम का करू नये, असा प्रश्न काही जण विचारतात. त्या कार्यालयाचे काम मुख्यतः माजी सैनिक, वीरपत्नी आणि कुटुंबीय यांच्या कल्याणाचे आहे: ओळखपत्रे, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतनाच्या अडचणी. सेवेत असलेल्या जवानाच्या शिक्षेविरुद्ध कायदेशीर मसुदा लिहून मिळावा अशी अपेक्षा तेथे ठेवणे बरोबर नाही. म्हणून अशा खासगी केंद्राची गरज आहे, आणि त्याच कारणाने त्याने अधिक नेटके असावे अशी माझी अपेक्षा आहे.

भावाचा अर्ज पोच घेऊन दाखल झाला आहे आणि उत्तर यायचे आहे. केंद्राचा दर्जा मी त्या उत्तरावर मोजत नाही, कारण निर्णय त्यांच्या हातात नाही आणि त्यांनी तशी हमीही दिली नाही. ‘नोंद काढून देतो’ असे ठोक रकमेत सांगणारा एक मध्यस्थ आम्हाला जळगावच्या बाजूला भेटला होता. त्याच्यापुढे हे केंद्र शंभर पटींनी प्रामाणिक आहे.

ज्यांना जायचे असेल त्यांनी शिक्षेला फार वर्षे होण्याआधी जावे, शक्यतो सुटीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे मसुदा दोनदा तपासायला वेळ राहतो. कागद तपासणीचे पैसे देऊन त्यांचे मत ऐकावे, आणि घरात कोणाला इंग्रजी नीट येत असेल तर मसुदा त्याच्याकडून ओळीओळीने वाचून घ्यावा. सकाळी लवकर गेल्यास बाकावर गर्दी कमी असते आणि आपली गोष्ट आपल्यापुरती राहते. रविवारी केंद्र बंद असते. कंडक्ट शीटची प्रत नसेल तर आधी ती मिळवावी, कारण तिच्याशिवाय साहेब चहा पाजतात पण अर्जाविषयी बोलत नाहीत.